सर्च मारा, पण कोर्टाच्या भाषेत!

फ्लॅट बुक केला, होम लोनचा हप्ता सुरू झाला आणि बिल्डर म्हणतोय, ‘पझेशन दिवाळीला.’ कुठल्या दिवाळीला, ते मात्र सांगत नाही. अशा वेळी ऑफिसच्या कँटीनमध्ये हमखास एक जण म्हणतो, ‘अरे, सुप्रीम कोर्टाचं जजमेंट आहे ना यावर!’ कुठलं, कधीचं, असं विचारलं की साहेब चहा प्यायला लागतात.

बॉस, ते जजमेंट तुम्हीच शोधा. ‘इंडियन कानून’ ही वेबसाइट 2008 पासून आहे आणि तिथे निकाल फुकट वाचता येतात. सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये स्वतःचं ‘ई-एससीआर’ही सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. पण सर्चमध्ये नुसतं ‘बिल्डर फ्लॅट’ टाकलंत, तर निकालांचा ढिगारा अंगावर कोसळेल!

शब्द त्यांचे वापरा

न्यायाधीश ‘बिल्डरने फसवलं’ असं लिहीत नाहीत. ते लिहितात ‘डिले इन हँडिंग ओव्हर पझेशन’, ‘रिफंड’, ‘अनफेअर ट्रेड प्रॅक्टिस’. हेच शब्द इंग्रजीत टाइप करा आणि सलग हवे असतील तर अवतरण चिन्हांत टाका. इंडियन कानूनवर दोन शब्द जोडायचे तर ‘अँड’ कॅपिटलमध्ये लिहून शेवटी दोन डी द्यायचे. ‘ऑर’ला दोन आर, ‘नॉट’ला दोन टी. स्पेलिंग मिस्टेक नव्हे, तिथली पद्धतच तशी आहे. मग कोर्ट निवडा, नवे निकाल आधी लावून घ्या. ढिगारा बराच आटोक्यात येतो.

अशा शोधात 2019 चा सुप्रीम कोर्टाचा ‘पायोनिअर अर्बन’ निकाल हाताला लागू शकतो. त्या करारात ग्राहकाने पैसे उशिरा भरले तर 18 टक्के व्याज, बिल्डरने रिफंड द्यायला उशीर केला तर मात्र 9 टक्के! ग्राहकापुढे सही करण्यावाचून पर्यायच नसेल, तर अशा एकतर्फी अटी त्याच्यावर बंधनकारक नाहीत, असं कोर्टाने सांगितलं. आता तुमचं अ‍ॅग्रीमेंट काढा आणि अशी कलमं आहेत का, ते बघा.

जिवंत आहे का?

निकाल सापडला म्हणून लगेच नाचू नका. कलम 377 बद्दलचा 2013 चा निकाल सुप्रीम कोर्टानेच 2018 मध्ये मोडीत काढला. जुना निकाल साइटवर आजही वाचता येतो, पण आधार म्हणून तो कामाचा नाही. म्हणून ‘साइटेड बाय’वर क्लिक करा. नंतरच्या कोर्टांनी तो मान्य केला की बाजूला ठेवला, ते तिथून कळतं. आणखी एक. निकालात दोन्ही वकिलांचे युक्तिवादही असतात. आवडलेलं वाक्य कोर्टाचं आहे की हरलेल्या पक्षाच्या वकिलाचं, हे पाहूनच अंडरलाइन करा. शेवटचा, प्रत्यक्ष आदेशाचा भाग तर वाचाच.

याने वकिलाची फी वाचणार नाही. पण पहिल्याच मीटिंगला कामाचे दोन निकाल हातात असतील, तर प्रश्न नेमके विचारता येतील. फक्त सर्च करत वर्षं घालवू नका. ग्राहक आयोगात तक्रारीला साधारण 2 वर्षांची मुदत असते आणि ती काही बिल्डरच्या दिवाळीसाठी थांबत नाही!