गरज आधी, यंत्र नंतर

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत आहे. प्रयोजनावाचून होणारी हिंसा टाळावी, हा त्याचा आशय. अग्नी आणि वायू यांतही जीव मानणाऱ्या परंपरेत विनाकारण चालणारे यंत्र हा केवळ वीजबिलाचा विषय राहत नाही.

न्यूयॉर्कची १०२ मजली एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ साली पूर्ण झाली. सुमारे ऐंशी वर्षांनी तिचे नूतनीकरण निघाले, तेव्हा वातानुकूलनाची जुनी यंत्रे काढून नवी बसवणे हा सरळ मार्ग होता. तज्ज्ञांनी मात्र आधी विचारले : एवढ्या थंडाव्याची गरज मुळात का पडते?

उत्तर खिडक्यांत होते. सुमारे ६,५०० खिडक्यांच्या दुहेरी काचा उतरवून, स्वच्छ करून, मध्ये उष्णतारोधक पातळ पडदा व वायू भरून त्या पुन्हा बसवण्यात आल्या. हे काम इमारतीच्याच पाचव्या मजल्यावर झाले आणि बहुतेक काच पुन्हा वापरात आली. हिवाळ्यात खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरांमागे उष्णता परतवणारे आवरण लावले. थंडाव्याची गरज सुमारे एक तृतीयांशाने घटली. जुनी यंत्रे न बदलता दुरुस्तीवर भागले. ऊर्जाबचतीसाठी सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर जादा लागणार होते. ऊर्जावापरात ३८ टक्के घट आणि वर्षाला ४४ लाख डॉलरची बचत अपेक्षित होती. म्हणजे भांडवल तीन वर्षांत परत. भाडेकरूंनाही आपापला वापर पाहता यावा, अशी व्यवस्था केली गेली.

पेढी असो वा घर, क्रम हाच हितावह. उन्हाची खिडकी, दाराची फट, रिकाम्या खोलीतला दिवा यांकडे आधी पाहावे. मोठ्या यंत्राचा विचार त्यानंतर.

तरीही एक सावधगिरी उरते. बिल उतरले म्हणून २४ अंशांवर भागत असताना १८ अंश लावले, तर बचत भोगातच विरून जाते. यंत्र काटकसर करू शकते. मर्यादा ठरवू शकत नाही. त्यासाठी अनर्थदंडविरमणाच्या जोडीला भोगोपभोगपरिमाण व्रत आहे, आणि ते ज्याचे त्यानेच घ्यायचे असते.