मावशींची जागा आणि आपली बाइक

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता शिवाजी चौकापासून बसस्टँडपर्यंत मेन रोडने कधी चालत गेलायत? बाइकवरून नाही, चालत. फलटण असो, बार्शी असो की चाळीसगाव, तालुक्याच्या गावात अनुभव साधारण सारखाच येईल. दुकानांच्या पायऱ्या गटारावर आलेल्या. पायऱ्यांपुढे मालकाची आणि कामगारांची सकाळी दहापासून लावलेली वाहनं, त्यापुढे गिऱ्हाइकांच्या गाड्या. उरलेल्या फटीत भाजीवाल्या मावशी, केळीवाला, मोबाइलची कव्हरं विकणारा पोरगा. मध्येच एक टेम्पो माल उतरवत उभा, आणि सगळ्यांच्या मागे हॉर्न वाजवणारे आपण.

मग कुणीतरी तक्रार करतं, पेपरात फोटो येतो आणि नगरपरिषदेचं अतिक्रमण पथक निघतं. ते येणार हे बाजाराला आदल्या रात्रीच कळलेलं असतं. ताडपत्र्या गुंडाळल्या जातात, एखाददुसरी हातगाडी आणि वजनकाटा ट्रॅक्टरमध्ये पडतो. दोन दिवस रस्ता मोकळा. मोकळा कसला, मावशींच्या जागेवर बाइक लागतात! तिसऱ्या दिवशी मावशी परत येतात आणि या वेळी बाइकच्या पुढे, रस्त्यात आणखी दोन फूट आत बसतात.

जरा हिशेब करू. एका कारला उभं राहायला साधारण अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. बाइकला सुमारे दोन. पाट्या मांडून बसलेल्या मावशींनाही जवळपास तेवढीच. त्या दोन मीटरवर त्यांचं घर चालतं, पोरांची फी निघते आणि तुमच्या घरी मेथी येते. तेवढ्याच जागेत आपली बाइक तीन तास लॉक करून उभी असते, कारण आपण चहाच्या गाड्यावर गप्पा मारत असतो. (आम्हीही कॉलेजात असताना हेच केलं, त्यामुळे उपदेश करायचा हक्क तसा नाहीच.) पथक उचलून नेतं ती मात्र पाटी.

कायदा काय म्हणतो? पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. आधी सर्वेक्षण करा, मग विक्रेत्यांना प्रमाणपत्र द्या, आणि हे पूर्ण होईपर्यंत कुणाला हलवू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. सर्वेक्षण पाच वर्षांतून किमान एकदा करायचं. त्यासाठी प्रत्येक शहरात एक पथविक्रेता समिती असते. नगरपरिषदेत तिचे अध्यक्ष मुख्याधिकारी. समितीतले किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला हव्यात. व्यापारी संघटना आणि सामाजिक संस्थांनाही तिथे जागा आहे. म्हणजे कुणी कुठे बसायचं, किती वाजता बसायचं, कुठे अजिबात बसायचं नाही, हे भांडण रस्त्यावर नाही तर टेबलावर मिटवायची सोय कायद्यानेच करून ठेवलीय. तुमच्या गावात या समितीची शेवटची बैठक कधी झाली? नगरपरिषदेत जाऊन एकदा विचारून बघा.

दुकानदारांचं म्हणणं खोटं आहे असं नाही. ते गाळ्याचं भाडं भरतात, कर भरतात आणि त्यांचंच शटर झाकलं जातं. पण त्यांच्यातलेच काही जण आपल्या पायरीपुढे बसणाऱ्याकडून रोजचे पैसे घेतात, हेही बाजारात सगळ्यांना माहीत असतं. शिवाय ज्या कॉम्प्लेक्सच्या मंजूर नकाशात तळाला पार्किंग आहे, तिथे आज गाळे दिसत असतील, तर त्या गाड्या कुठे आल्या? रस्त्यावरच. तो नकाशा मागायला माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. फी १० रुपये, एका कटिंग चहाएवढी.

‘गाड्या बंद केल्या तर धंदा बसेल,’ हे वाक्य प्रत्येक बाजारात ऐकू येतं. सिक्कीमची राजधानी गंगटोक इथला महात्मा गांधी मार्ग बघा. भर बाजाराचा रस्ता, पण वाहनांना बंदी. दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये बसायला बाक, आणि लोक निवांत फिरत खरेदी करतात. पुण्यातही ११ डिसेंबरच्या पादचारी दिनाला लक्ष्मी रोडचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला गेलाय. आपल्या मेन रोडला एकदम एवढं जमणार नाही. पण मालाचे टेम्पो सकाळी नऊच्या आत, कामगारांच्या गाड्या मागच्या मैदानात आणि आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त चालणाऱ्यांसाठी, एवढं तर होईल? आणि महिलांसाठी स्वच्छतागृह. सकाळी सातला येऊन बसणाऱ्या मावशी दिवसभर काय करतात, हा प्रश्न एकाही अतिक्रमण मोहिमेच्या बातमीत दिसत नाही. खेड्यातून एसटीने कॉलेजला येणाऱ्या मैत्रिणींना विचारा, त्यांचीही तीच अडचण आहे.

हे सगळं मागायचं तर हातात आकडे हवेत. ते तुम्ही गोळा करू शकता. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास भरायचे असतातच. त्यातले चार तास बाजाराला द्या. चौघं-पाच जण, प्रत्येकाकडे शंभर मीटर रस्ता, शनिवारी चार ते आठ. दर अर्ध्या तासाने उभ्या गाड्यांच्या नंबरचे शेवटचे चार आकडे वहीत लिहायचे. एकच नंबर आठ वेळा आला, तर ती गाडी गिऱ्हाइकाची नाही हे कुणी सांगायला नको. सोबत विक्रेत्यांशी बोला: किती वर्षं बसता, प्रमाणपत्र मिळालं का, सर्वेक्षणाला कुणी आलं होतं का. तक्ता करा, मुख्याधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. एक प्रत व्यापारी संघटनेला आणि एक तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकांना.

आणि हो, त्या दिवशी बाइक घरी ठेवून या. नाहीतर तुमचाच नंबर आठ वेळा वहीत यायचा.