रानपिंगळ्याची तसबीर

म्हशाची पौषातील जत्रा आटोपल्यावर नाणेघाट-माळशेजच्या दऱ्याखोऱ्यांत कॅमेरे घेऊन निघणाऱ्या वाचकांस एक स्मरण द्यावेसे वाटते. १८८४नंतर ज्याची खात्रीलायक नोंद झाली नाही, म्हणून पक्षिशास्त्राच्या दफ्तरी जो जवळजवळ नामशेष ठरला, तो रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांस सकाळच्या उन्हात दिसला, आणि २०१४ साली तर आपल्या शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्यातही आढळला. माथ्यावर ठिपके नाममात्र, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे: ही ओळख छायाचित्रात स्पष्ट उमटावी (साध्या पिंगळ्याच्या तसबिरी आमच्याकडे ढिगाने येतात!). मात्र ध्वनिमुद्रित साद वाजवून त्याला ढोलीबाहेर काढून घेतलेले छायाचित्र, कितीही देखणे असो, आम्ही छापणार नाही.