ग्राफिक्स कार्डची तुलना: एफपीएस मोजले, पण तारा पाहिल्या का?

अंजनवेलचा वीज प्रकल्प, म्हणजे आपला जुना एन्रॉन. तिथून निघणाऱ्या उच्चदाबाच्या तारा डोळ्यांसमोर आणा. उजळ आकाश आणि त्यावर बारीक, तिरक्या काळ्या रेघा. गेममध्ये असा देखावा आला की ग्राफिक्स कार्डची खरी परीक्षा होते. लांबची तार एका पिक्सेलपेक्षाही बारीक असते आणि कार्डाला ठरवावं लागतं, या चौकोनात तार दाखवू की आकाश? नुसतं हो-नाही केलं की रेघेला जिन्यासारख्या पायऱ्या पडतात, ती मधेच तुटते, कॅमेरा हलला की लुकलुकते. हे झाकण्याचं काम म्हणजे अँटी-अलायसिंग.

पूर्वी तुलना सोपी होती. एका पिक्सेलमध्ये किती ठिकाणी नमुने घेतले आणि ते कसे मांडले, एवढंच बघायचं. २००२ च्या एटीआय रेडिऑन ९७०० प्रोने ते तिरके मांडले. त्या वेळच्या एनव्हिडिया कार्डांचे ४एक्सचे नमुने सरळ चौकटीत होते. म्हणून दोन्हीकडे ‘४एक्स’ असूनही जवळजवळ आडव्या रेघा रेडिऑनवर जास्त गुळगुळीत दिसायच्या. स्क्रीनशॉट झूम केला की निकाल लागला!

आता तसं होत नाही. डीएलएसएस, एफएसआर आणि एक्सईएसएस मागच्या फ्रेम्समधली माहिती वापरून छोटं चित्र मोठं करतात आणि त्याच झटक्यात कडाही गुळगुळीत करतात. कॅमेरा स्थिर असेल तर सगळ्यांच्याच तारा बऱ्या दिसतात. कॅमेरा फिरला की कुणाची तार मागे धूसर सावली सोडते, कुणाची चमचमते.

मोडच्या नावावरही जाऊ नका. १०८०पी वर डीएलएसएस आणि एफएसआरचा ‘क्वालिटी’ मोड ७२० ओळींचं चित्र मोठं करतो. इंटेलने २०२४ मध्ये एक्सईएसएस १.३ आणताना आपलं प्रमाण बदललं, त्यांचा ‘क्वालिटी’ साधारण ६३५ ओळींवर आला. मग एफपीएस जास्त येणारच ना! शिवाय एक्सईएसएसचं इंटेल आर्कवर चालणारं मॉडेल वेगळं, इतर कंपन्यांच्या कार्डांवर चालणारं हलकं मॉडेल वेगळं.

आता खिशाचं बोलू. जानेवारी २०२५ मध्ये डीएलएसएस ४ आलं आणि चित्र सुधारणारं त्याचं नवं मॉडेल २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेलाही मिळालं. मार्चमध्ये एएमडीचं एफएसआर ४ आलं. चित्र आधीपेक्षा कितीतरी स्थिर, पण आलं तेव्हा अधिकृतपणे फक्त आरएक्स ९००० मालिकेसाठी. म्हणजे एफपीएसच्या तक्त्यात शेजारी-शेजारी बसणारी दोन सेकंडहँड कार्डं चित्राच्या दर्जात बरीच लांब असू शकतात. किंमत ठरवताना हे धरायलाच हवं, असं मला वाटतं.

अडचण अशी की आपण ही तुलना फोनवर बघतो. सहा-साडेसहा इंचांचा स्क्रीन आणि डेटा वाचवायला ४८०पी. व्हिडिओचं कॉम्प्रेशन नेमके असेच बारीक तपशील खाऊन टाकतं. सगळी कार्डं सारखी दिसतात आणि जास्त एफपीएसवालं जिंकतं. म्हणून वायफाय मिळालं की व्हिडिओ १४४०पी किंवा ४के वर लावा, वेग ०.२५ करा आणि फक्त कॅमेरा वळतानाचा भाग बघा. तारा, कठडे, झाडांची पानं. गेममधला हिरो एका जागी उभा असेल तर तो भाग सरळ पुढे ढकला.