ताज्या आवृत्तीचा सोस

मुक्त स्रोत प्रकल्पात एखादी लायब्ररी घ्यायची तर तिची सर्वांत ताजी आवृत्ती घ्यावी, असे मानणारा एक पक्ष आहे आणि तो अडाण्यांचा नाही. त्याचे म्हणणे असे : दोष सापडतात, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होतात, म्हणून मागे राहिला तो उघड्यावर पडला. शिवाय आज टाळलेला बदल उद्या व्याजासकट करावा लागतो. पायथन ३ आली २००८ साली, पायथन २चा आधार संपला १ जानेवारी २०२० रोजी, आणि मधली वर्षे ‘बघू पुढे’ म्हणत काढणाऱ्यांची शेवटी दमछाक झाली. पूर्वपक्ष भक्कम आहे. फक्त त्यात एक गृहीत गुपचूप शिरले आहे, की नवे म्हणजे दुरुस्त. खरे पाहता नव्या आवृत्तीत जुन्या दोषांची दुरुस्ती असते आणि तिच्यासोबत कोणीही न वापरलेला कोरा कोडही असतो. पहिली हवी म्हणून दुसराही घरात घ्यावा लागतो, आणि घात बहुधा तिथेच होतो.

इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीचे घ्या. एप्रिल २०१४मध्ये उघड झालेला ‘हार्टब्लीड’ हा दोष मार्च २०१२मध्ये निघालेल्या १.०.१ या मालिकेत एका नव्या सोयीबरोबर आला होता, ०.९.८ आणि १.०.० या जुन्या मालिकांना तो शिवलाही नाही. फायली आवळून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’मध्ये २०२४ साली चोरदरवाजा मुद्दामच बसवला गेला. ‘जिया टॅन’ हे नाव धारण केलेल्या कोणीतरी दोनेक वर्षे नेकीने काम करून विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत डाव साधला. डेबियन लिनक्सच्या स्थिर आवृत्तीत तेव्हा ५.४.१ होती, ती वाचली. जावास्क्रिप्टच्या लायब्ऱ्या आणणारे एनपीएम वापरणाऱ्यांनी तर आपल्या पॅकेज डॉट जेसन फाइलमध्ये आकड्याच्या डोक्यावरची ती टोपी, ^, एकदा निरखून पाहावी. ती कोणी विचार करून लिहीत नाही. इन्स्टॉल केले की आपसूक बसते. अर्थ एवढाच की शून्य नसलेला पहिला आकडा बदलत नाही तोवर जे नवे येईल ते चालेल. जानेवारी २०२२मध्ये ‘कलर्स’ लायब्ररीच्या खुद्द कर्त्यानेच तिच्यात न संपणारे चक्र घालून आवृत्ती सोडली, तेव्हा याच वाटेने ते इतरांच्या प्रकल्पांत शिरले. नेमक्या आवृत्त्या नोंदवून ठेवणारी लॉकफाइल जपणाऱ्यांचे निभावले.

हे बड्या सर्व्हरवाल्यांचे दुखणे, बेळगाव-निपाणीला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीने किंवा निपाणीच्या एखाद्या तंबाखू वखारीने हिशेबासाठी मुंबईत घडलेली, मुक्त स्रोत ‘ईआरपीनेक्स्ट’ बसवली आहे असे धरा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो. जीएसटीच्या लेखी निपाणीचा राज्य-क्रमांक २९, म्हणजे कर्नाटक, आणि कागलचा २७, म्हणजे महाराष्ट्र. माल बेळगावला गेला तर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर, कागलला गेला तर आयजीएसटी, आणि माल पन्नास हजारांच्या वरचा असेल तर ई-वे बिल. एखाद्या ताज्या बदलाने ही विभागणी चुकवली, तर कोडमधली दुरुस्ती दहा मिनिटांची असेल, पण तोवर ट्रक कोगनोळीला उभा. या प्रकल्पात ‘डेव्हलप’ ही फांदी (ब्रँच) नव्या कामासाठी आणि ‘व्हर्जन-१५’सारख्या फांद्या वापरासाठी वेगळ्या ठेवल्या आहेत, त्या उगाच नाहीत. यावर आक्षेप येतो की कायदा बदलला की नवे घ्यावेच लागते. १ ऑगस्ट २०२३पासून ई-इन्व्हॉइसची मर्यादा दहा कोटींवरून पाच कोटींवर आली, तेव्हा काय करायचे? त्यासाठी तेवढाच बदल स्थिर फांदीवर आणता येतो. कराचा नियम बदलला म्हणून अख्खा पाया उपटण्याचे कारण नाही.

दोन आक्षेप मात्र असे झटकता येत नाहीत. सप्टेंबर २००६मध्ये डेबियनच्याच लोकांनी ओपनएसएसएलमध्ये आपला एक बदल केला आणि यादृच्छिक आकडे काढणारी यंत्रणा जवळजवळ लुळी पाडली. मे २००८पर्यंत ते कोणाच्या ध्यानात आले नाही. मधल्या काळात तो दोष स्थिर आवृत्तीत बसून होता आणि तिच्यावर तयार झालेल्या किल्ल्या अंदाजाने हुडकता येत होत्या. म्हणजे काळ गेला की दोष वर येतोच, असे नाही. पण तो बदल मूळ प्रकल्पात कधी गेलाच नव्हता. कर्त्यांनी केलेली दुरुस्ती जुन्या मालिकेत आणणे वेगळे, आणि स्वतःच कात्री चालवणे वेगळे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. एक्सझेडचा चोरदरवाजा सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसक्यूएलच्या विकसकाला, एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावताना, आणि तो वापरत होता डेबियनची अनस्टेबल आवृत्ती. सगळेच थांबले तर तपासणार कोण? उत्तर असे की तो तपासतच होता. नव्या मिश्रणाचा पहिला रस फाउंड्रीत टेस्ट बारसाठी ओततात, गिऱ्हाइकाच्या साच्यात नाही. प्रकल्पानेही रात्रीच्या चाचणीत ताज्या आवृत्त्या जरूर लावाव्यात. लोकांच्या हाती जाते त्यात नकोत.

आणि स्थिर म्हणजे निपचित नव्हे, हे आमच्याच पक्षातल्या काहींना सांगावे लागते. डिसेंबर २०२१मध्ये जावातल्या नोंदी ठेवणाऱ्या लॉगफोरजे लायब्ररीच्या दुसऱ्या मालिकेत भगदाड सापडले, तेव्हा पहिलीवर बसलेले सुटकेचा श्वास टाकत होते. त्या मालिकेची देखभाल २०१५मध्येच थांबली होती आणि तिची स्वतःची छिद्रे तशीच उघडी होती. इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीतून २०१७ साली सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली, ती स्ट्रट्स या वेब फ्रेमवर्कची दुरुस्ती मार्चमध्ये उपलब्ध असूनही न लावल्यामुळे. याला स्थैर्य म्हणणे म्हणजे आळसाला सोवळे नेसवणे. सुरक्षेची दुरुस्ती त्याच दिवशी घ्यावी, बाकीच्या नवलाईला थांबवावे, आणि मालिकेचा आधार कधी संपतो ती तारीख रीडमीत लिहावी. पायथन २ची २०२० ही मुदत २०१४मध्येच जाहीर होती. दमछाक झाली ती स्थिर राहिल्याने नव्हे, तारखेकडे पाठ फिरवल्याने.

राहता राहिला प्रश्न कष्टाचा. जुन्या मालिकेत दुरुस्त्या आणत बसणे हे नावलौकिक न देणारे काम आहे, आणि एक्सझेड एकट्याने सांभाळून थकलेल्या मूळ कर्त्यामुळेच परक्याला आत शिरता आले. स्थैर्य फुकट मागणाऱ्यांना यावर उत्तर नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे (व्हीटीयू) मुख्यालय बेळगावात आहे, अभियांत्रिकीची कॉलेजे आहेत, दरवर्षी अंतिम वर्षाचे प्रकल्प होतात आणि त्यांत नवे फ्रेमवर्क दिसले की परीक्षक खूश होतात. त्याऐवजी वापरात असलेल्या एखाद्या स्थिर फांदीवर एक दुरुस्ती आणून, चाचण्यांसह मूळ प्रकल्पाकडून स्वीकारून घेणे, याला पूर्ण गुण का मिळू नयेत?