पेशी वाजवून पाहताना

आमच्या पणजोबांचे खानापुरात किराणा दुकान होते. घरात सांगतात की, गिऱ्हाइकाने चांदीचा रुपया पुढे केला की ते तो उंबऱ्याच्या दगडावर टाकीत आणि कान देत. खणखणीत वाजला तर गल्ल्यात, बद्द वाजला तर परत. नाणे तोडायचे नाही, वितळवायचे नाही. पण आत काय आहे ते कळले पाहिजे. आजी अजून माठ घेताना टिचकी मारून पाहते ती याच हिशेबाने. (आता दुकानात पैसे मोबाइलवरून येतात आणि यंत्रच ओरडून रक्कम सांगते; वाजवायला उरले काय?)

मित्रहो, कॉमर्सच्या विद्यार्थ्याने पेशींवर लेख लिहावा हा काहींना आगाऊपणा वाटेल. वर्गातल्या एकाने 'तू सायन्सला केव्हा गेलास?' असे विचारूनही टाकले. त्याला मी एकच नाव सांगतो. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली कलकत्त्यात सहाय्यक महालेखापाल म्हणून रुजू झाले. दहा वर्षे त्यांनी सरकारी हिशेब सांभाळले आणि कचेरीबाहेरच्या वेळात प्रयोग केले. वाद्यांचा नाद हा त्यांच्या अगदी आवडीचा विषय. पुढे बंगळूरला आल्यावर १९३५-३६ साली नागेंद्र नाथ यांच्यासोबत त्यांनी श्रवणातीत ध्वनीच्या लहरींतून जाताना प्रकाश कसा विभागला जातो, याचा सिद्धांत मांडला. तेव्हा जमाखर्च आणि ध्वनी यांचे वैर नाही.

माझे कारण मात्र घरगुती आहे. दोन वर्षांपूर्वी मावशीच्या स्तनात गाठ निघाली. डॉक्टर कन्नड बोलणारे. मावशीचे आणि काकांचे कन्नड बाजारापुरते. म्हणून दुभाषा म्हणून मी गेलो. डॉक्टर 'जीवकोश' म्हणत होते. माझ्या मराठी शाळेच्या पुस्तकात 'पेशी' होती, तरी शब्द ऐकताच उमगला. आणि खरे सांगायचे तर आपल्या शब्दाहून मला तो अधिक आवडला. गाठीचा तुकडा तपासायला गेला, आठ दिवसांनी निदान आले, औषधे सुरू झाली. मग काकांनी मला विचारायला लावले, "औषध लागू पडतंय की नाही, हे केव्हा कळणार?" डॉक्टरांनी न टाळता उत्तर दिले : दोन-तीन डोस होऊ द्या, गाठ लहान होते का पाहू. म्हणजे दोन महिने. तोवर उलट्या होणार, केस जाणार, आणि औषध फुकट जात असले तरी पत्ता लागणार नाही!

तुकडा काढून, रंगवून काचेवर घेतलेली पेशी मेलेली असते. तिच्याकडून पुष्कळ कळते, नाही असे नाही. मावशीचे निदान तिनेच केले. पण तो ताळेबंद झाला, एका दिवसाची स्थिती. व्यवहार कुठल्या दिशेने चालला आहे हे रोजकीर्द सांगते, आणि रोजकीर्द लिहायची तर पेशी जिवंत असताना पुन्हा पुन्हा पाहता आली पाहिजे.

इथे ध्वनी कामाला येतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. सोनोग्राफीत सेकंदाला ५० लाख कंपने धरली तर एका लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर भरते. तिला ७-८ मायक्रोमीटरची तांबडी रक्तपेशी कुठून दिसणार? कंपने १०० कोटींवर न्या, लहर दीड मायक्रोमीटरवर येते. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे कॅल्विन क्वेट आणि रॉस लेमन्स यांनी १९७४ साली जो ध्वनिसूक्ष्मदर्शक जगापुढे मांडला, त्याचे मर्म हेच. नीलमण्याच्या दांडीच्या टोकाला बारीक वाटीसारखी खळगी, खाली पाण्याचा थेंब. ध्वनी एका बिंदूवर एकवटायचा, तिथून येणारा ध्वनी टिपायचा, मग पुढचा बिंदू. १९८१ साली क्वेट यांच्याच गटाने जिवंत पेशींची अशी चित्रे प्रसिद्ध केली. रंग द्यावा लागत नाही. शिवाय पेशी कुठे घट्ट, कुठे मऊ हे कळते, जे साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला सांगता येत नाही. २०१६ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी लेसरच्या अतिसूक्ष्म स्पंदाने धातूच्या पातळ थरातून ध्वनी उठवला आणि तो पेशीत कसा जातो ते दुसऱ्या लेसरने वाचले. त्या ध्वनीची लहर प्रकाशाच्या लहरीहूनही आखूड होती.

याला 'स्पर्शाविना' पाहणे म्हणतात. मला हा शब्द जरा जाहिरातीचा वाटतो. सुई टोचत नाही, भिंग टेकत नाही हे खरे. पण ध्वनी म्हणजे अखेर पदार्थाचे हलणे. आजीची टिचकीही स्पर्शच आहे. माठ फुटत नाही, एवढेच महत्त्वाचे.

आणि फुकट काहीच नाही. कंपने जितकी जास्त, तितका ध्वनी लवकर विरतो. १०० कोटी कंपनांचा ध्वनी पाण्यातही मिलिमीटरभर टिकत नाही, मग मावशीच्या गाठीपर्यंत कसा पोहोचणार? म्हणून मला सर्वांत मोलाचे वाटते ते टोरांटोचे काम. तेथील ग्रेगरी झारनोटा, मायकल कोलिओस आदींनी १९९९ साली दाखवले की ४ कोटी कंपनांवर, जिथे एकेक पेशी सुटी दिसतच नाही तिथेही, औषधाने मरू लागलेल्या पेशींचा प्रतिध्वनी वाढतो, कारण त्यांचे केंद्रक आकसते आणि त्याचे तुकडे होतात. बाजारातली माणसे वेगळी ओळखू आली नाहीत तरी गलका बदलला की कळते ना, तसे. २०१३ साली त्याच शहरातून स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या सोनोग्राफीच्या पट्ट्यातल्या ध्वनीने औषधाचा परिणाम पहिल्या चार आठवड्यांतच ओळखू येऊ लागला होता.

हे तंत्र अजून गावोगावच्या दवाखान्यांत आलेले नाही. यंत्रे महाग, आपल्याला कशी परवडणार, असे आमच्याच कॉस्टिंगच्या तासाला एकजण म्हणाला. पण खर्च मांडताना त्याने एकच बाजू लिहिली. लागू न पडणाऱ्या औषधाच्या डोसची किंमत कुठल्या खात्यात घालायची? रोग्याच्या अंगातून गेलेली ताकद? मावशी आता बरी आहे, तिला औषध लागू पडले. तरी ते कळेपर्यंतच्या दोन महिन्यांत काकांचे दुकान एकोणीस दिवस बंद होते. रोजच्या विक्रीचा आकडा मी त्यांना विचारला. ते म्हणाले, "तेव्हा हिशेब कोण ठेवत होतं?"