४६ लाख जाती कुणी जन्माला घातल्या?



सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले : २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेतला जातींचा डेटा चुकांनी भरलेला आहे, तो महाराष्ट्राला देता येणार नाही. कारण काय, तर १९३१ साली देशात ४,१४७ जाती होत्या आणि या गणनेत निघाल्या ४६ लाखांवर! एकट्या महाराष्ट्रात ४,२८,६७७. स्थानिक स्वराज्य संस्थांतले ओबीसींचे आरक्षण तेव्हा आकडेवारीअभावीच अडकले होते. डिसेंबरमध्ये राज्याची याचिका फेटाळली गेली. ‘डेटाच खराब’ म्हणून आपल्यातलेही काही गप्प बसले.

अरे, लोकांनी दिलेली माहिती खराब नव्हती. ती ठेवायचे कोष्टकच खराब बांधले होते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातच बघा. पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर एक जण स्वतःला बंजारा सांगेल, दुसरा लमाण, तिसरा लभाण. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत ही सगळी नावे एकाच नोंदीत आहेत. तांड्यावरच्या म्हातारीलाही ते ठाऊक असते. संगणकाला नसते. त्याला फक्त अक्षरे वेगळी दिसतात. वेलांटी चुकली की नवी जात.

डेटाबेस शिकवणारा कोणताही मास्तर हे सुरुवातीलाच सांगतो. प्रगणकाने ऐकलेला शब्द हा नुसता डेटा. तो ठरलेल्या रकान्यात, ठरलेल्या नियमाने बसवला की डेटाबेस. आणि यादीबाहेरची नोंद अडवणारी, कोणी लिहायचे, कोणी वाचायचे यावर पहारा ठेवणारी यंत्रणा म्हणजे डीबीएमएस. म्हणून आधी जातींची मुख्य यादी करायची, प्रत्येकीला एक संकेतांक द्यायचा आणि तिची सगळी पर्यायी नावे त्याच संकेतांकाला जोडायची. अशी यादी गणनेआधी केलीच नव्हती, हे सरकारनेच त्या प्रतिज्ञापत्रात सांगितले आहे. यादी करायची नाही आणि दहा वर्षांनी गोंधळ झाला म्हणून आकडे दाबून ठेवायचे, हा कुठला न्याय?

आता म्हणतात, येणारी जनगणना डिजिटल आहे, काळजी नको. २०११ ची ती गणनाही टॅबलेटवरच झाली होती!

आपल्या वस्तीचा प्रश्न तर याहून नाजूक. १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्म बौद्ध आणि अनुसूचित जात महार, हे दोन्ही कायद्याने एकत्र चालते. पण जातीच्या रकान्यात कोणी ‘बौद्ध’ सांगेल, कोणी ‘नवबौद्ध’. ती नोंद कोणत्या संकेतांकाला जोडणार? हे दिल्लीतला प्रोग्रामर एकटा ठरवणार का?

जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. घरोघरी जात विचारण्याआधी ती यादी, पर्यायी नावांसकट, प्रत्येक ग्रामपंचायतीत लागली पाहिजे. मतदार यादीवर हरकत घेता येते, मग या यादीवर का नाही?